बीम सहा-सातवर अडकलंय, फॉर्ममध्ये नेमकं काय बदलू?

हर्णैकर
मंडळी, अग्निवीर भरतीची तयारी चालू आहे. धावण्याची काळजी नाही, १६०० मीटर वेळेत बसतं. घोडं अडलंय बीमवर, म्हणजे पुल-अप्सवर. सहा व्यवस्थित होतात, सातव्याला पाय झाडावे लागतात, आठव्याला हनुवटी पाइपच्या खालीच राहते. मैदानावर आम्ही पाच-सहा पोरं रोज संध्याकाळी जीव जाईपर्यंत मारतो, तरी आकडा हलत नाही. जिमवाला म्हणतो लॅट्स कमजोर आहेत, मशीनवर ये. मैदानावरचा एक दादा म्हणतो पकड रुंद कर, पाठ रुंद होईल. वजन ६४, उंची ५ फूट ७. कुणाचं ऐकू? व्हिडिओ टाकलाय, बघून सांगा.

गजालीकार
रोज जीव जाईसर मारतस आणि तरी जीव शाबूत आसा, म्हंजे नीट मारूकच नाय. चला, जाणकारांनो, येवा आता.

निवृत्त फौजी
आधी हिशेब नीट लक्षात घे, पोरा. बीमला दहा मारलेस तर ४० गुण, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. सहाच्या खाली बाहेर. म्हणजे सहा आणि दहा यांत २४ गुणांचा फरक. धावण्याचे जास्तीत जास्त ६०. नऊ फुटी खड्डा आणि नागमोडी बॅलन्स नुसते पास व्हायचे असतात, त्यांना गुण नाहीत. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गची पोरं कोल्हापूर भरती कार्यालयाखाली येतात, तिथे गर्दी काय असते ते तू जाणतोस. तरी त्या त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचायची, कट्ट्यावरच्या माहितीवर विसंबायचं नाही.

दुसरं, पाय झाडलेला बीम मोजणारा मोजत नाही. तुझे सातातले सहाच धर.

चाकरमानी ठाणे
फौजीकाका, पोलीस भरतीलाही बीम असतो ना? माझा भाचा तीच तयारी करतोय.

निवृत्त फौजी
पूर्वी होता. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत १०० गुणांची मैदानी असायची तेव्हा पुल-अप्सचे गुण धरायचे. आता मैदानी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. बीम नाही, लांब उडी नाही. कोस्ट गार्डच्या नाविकालाही बीम नाही, तिथे १.६ किमी सात मिनिटांत, २० बैठका आणि १० जोर. भाच्याला गोळ्यावर लक्ष द्यायला सांगा.

मल्लखांबवाला
हर्णैकर, व्हिडिओ दोनदा पाहिला. जरा लांब लिहितोय, समजून घे.

तुझा वरचा भाग चांगला आहे. हनुवटी पाइपच्या वर स्वच्छ जाते, मान ताणून वर काढत नाहीस. गडबड सगळी खाली आहे. आणि खाली कुणी बघत नाही. मैदानावर बाकीची पोरं हनुवटीकडे बघून आकडा ओरडतात, म्हणून मारणाराही हनुवटीपुरताच मारतो. तुझ्या पहिल्या दोन बीमनंतर कोपर पूर्ण सरळ होतच नाही. तू अर्ध्यातून परत वर जातोस. त्यामुळे खालच्या अर्ध्या भागात तुझी ताकद तयारच झालेली नाही, आणि सातव्या बीमला दमून खाली पूर्ण लोंबकळलास की तिथून निघता येत नाही. मग पाय झाडतोस. पाय झाडणं हा रोग नाही, लक्षण आहे.

आता तळातून निघायचं कसं. पाठीवर वरच्या बाजूला दोन तिकोनी हाडं असतात, खांद्याची पाती. नुसतं सैल लोंबकळलं की खांदे कानाला लागतात आणि पाती वर सरकलेली असतात. तू तिथून थेट कोपर वाकवतोस. मग सगळं ओझं दंडाच्या बेटकुळीवर आणि पुढच्या हातावर पडतं, ते लहान स्नायू, ते सहा-सातला संपणारच. पाठीचा मोठा स्नायू, ज्याला जिमवाले लॅट्स म्हणतात, तो कामाला लागतो पाती खाली ओढली की. म्हणून पहिली हालचाल कोपराची नाही, पात्यांची. कोपर सरळ ठेवून खांदे कानापासून लांब न्यायचे. शरीर जेमतेम इंच-दोन इंच वर येईल. बघणाऱ्याला वाटेल काही केलंच नाही. बीम सुरू होतो तो इथे.

हेच सुटं करून मार. लोंबकळायचं, कोपर न वाकवता पाती खाली, एक सेकंद थांब, परत सैल. आठ-दहा वेळा. सरावाच्या सुरुवातीला रोज. आमच्याकडे दोरीच्या मल्लखांबाला येणाऱ्या नवीन पोरांना मी आधी हेच करायला लावतो. पहिल्या आठवड्यात पोरं कंटाळतात, आयांच्या तक्रारी येतात की सर नुसतं लटकवून ठेवतात.

पुढचं, कोपर. वर जाताना ‘हनुवटी वर न्यायची’ असा विचार करू नको. ‘कोपरं खिशात घालायची’ असा कर. छाती पाइपकडे आपोआप येते. कोपरं थोडी पुढे राहू देत, पूर्ण बाजूला फाकवायची नाहीत.

रुंद पकडीचं म्हणशील तर ऐकू नको. पकड खूप रुंद केली की अंतर कमी होतं, आकडा एखाद्याने वाढल्यासारखा दिसतो, आणि खांद्याच्या सांध्यावर ताण येतो. खांद्याच्या रुंदीहून चार बोटं बाहेर पुरे.

हर्णैकर
सर, लगेच करून बघितलं. पाती खाली ओढायला गेलो की कोपर आपोआप वाकतंय. वेगळं करताच येत नाहीये.

मल्लखांबवाला
सुरुवातीला सगळ्यांचं वाकतं. पाय जमिनीला टेकतील असा पाइप किंवा फांदी शोध, अर्धं वजन पायावर ठेव आणि तेवढीच हालचाल कर. मित्राला पाठीवर दोन्ही पात्यांच्या मध्ये बोट ठेवायला सांग. बोटाखाली काही हललं पाहिजे.

रापणीचो नातू
माझा प्रश्न यातच विचारतो. घरची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लहानपणापासून तिचा दोर ओढतोय. पंज्यात ताकद भरपूर, गावात पंजा लढवायला कुणी समोर बसत नाही. पण बीम तीनच होतात. हे कसं काय?

मल्लखांबवाला
रापण ओढताना तुम्ही मागे रेलता, पाय वाळूत रोवलेले, दोर कमरेच्या-छातीच्या उंचीवर. अर्धं काम पाय आणि कंबर करतात, आणि ओढ आडवी असते. बीममध्ये हात डोक्याच्या वरून सुरू होतो आणि पायाचा आधार शून्य. त्या कोनात तुमच्या पाठीने कधी कामच केलेलं नाही. पण पकड तयार आहे ही मोठी जमेची बाजू, कारण बऱ्याच पोरांचा हात पाठीच्या आधी सुटतो. तुम्ही निगेटिव्ह मारा. स्टूलवर चढून हनुवटी पाइपच्या वर घ्यायची, पाय सोडायचे आणि चार-पाच सेकंद घेत खाली यायचं. स्नायू वजन उचलू शकतो त्याहून जास्त वजन सावकाश खाली उतरवू शकतो, म्हणून ज्याला बीम येत नाही त्यालाही हे जमतं. शेवटचा एक फूट सगळ्यात महत्त्वाचा, तिथे धपकन सुटायचं नाही.

गजालीकार
आमच्या वाडीतलो पाडेली साठीच्या फुडे आसा. माडार सरसर चढता. तेका मी एकदा बीमाक लटकवलंय. चार मारल्यान आणि म्हणता, ‘ह्याच्यार नारळ खंय आसत? फुकटचा कशाक चढू?’

फिजिओ ताई
निगेटिव्हबद्दल एक सावधगिरी. सावकाश उतरण्याने स्नायू सगळ्यात जास्त दुखावतो, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. पहिल्याच दिवशी उत्साहात चाळीस-पन्नास मारू नका. नवीन माणसाला एका वेळी तीन, अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, एवढं भरपूर. अति केल्यावर दंड सुजून कोपर सरळ होईना आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातले पदार्थ मूत्रपिंडावर येतात. क्वचित होतं, पण भरतीच्या हंगामात जोशात असलेल्या पोरांनाच होतं.

दुसरी गोष्ट, कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं. तिथे हाडाचं जे टोक हाताला लागतं त्यावर दाबलं की कळ येते, मूठ आवळली की वाढते. रोज जीव जाईपर्यंत मारणाऱ्यांमध्ये हे हमखास. स्नायू लवकर सुधारतो, स्नायुबंध सावकाश. दुखतंय तोवर आकडा निम्म्यावर आणा, उताणी पकड, म्हणजे तळवे आपल्याकडे, काही दिवस बंद ठेवा. दुखऱ्या जागी बाम चोळून वर परत दहा मारायचे, हा आपल्याकडचा आवडता उपाय आहे, त्याने महिन्याचं दुखणं वर्षावर जातं.

क्रॉसफिटवाला बोरिवली
सगळे किपिंगला शिव्या का देतात कळत नाही. झोका घेऊन मारलेला पुल-अप हा वेगळा व्यायाम आहे, त्यात दम लागतो, लय लागते. स्पर्धांमध्ये चालतो.

निवृत्त फौजी
तुमच्या स्पर्धेत चालतो. आमच्या मैदानात मोजणारा हवालदार म्हणतो ‘नहीं गिना’, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही.

मल्लखांबवाला
बोरिवलीकरांचं चूक नाही, प्रकार वेगळा हे खरं. पण आधी झोका न घेता निदान पाच-सात स्वच्छ यावेत आणि मगच तिकडे वळावं. पाती सांभाळायची ताकद नसताना झोक्याने खाली आपटलं की सगळा झटका खांद्याच्या सांध्यावर जातो.

हर्णैकर, तुझ्या पायांबद्दल राहिलं. गुडघे मागे वाकवून घोटे एकमेकांत अडकवतोस. पाइप बुटका असेल तर नाइलाज आहे. पण तुझा उंच दिसतोय. पाय सरळ, जुळलेले, किंचित पुढे, पोट आवळलेलं, ढुंगण आवळलेलं. पाय मागे गेले की कंबर आत जाते, फासळ्या बाहेर येतात, आणि शरीर आपोआप डोलायला लागतं. डोललास की वर जाण्याआधी ते थांबवण्यात ताकद जाते.

दापोलीची बाई
मुलींनी कुठून सुरुवात करावी? मला एकही येत नाही. शाळेत मुलींना बीमजवळ जाऊच द्यायचे नाहीत, ‘खांदे पुरुषी होतील’ म्हणून. आता मुलीला शिकवायचंय, त्याआधी मला यायला हवं ना.

फिजिओ ताई
खांदे पुरुषी होत नाहीत, निश्चिंत राहा. सुरुवात आडव्या ओढीने करा. कमरेच्या उंचीचा मजबूत पाइप घ्या, त्याखाली आडवं व्हा, टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ, आणि छाती पाइपला लावा. जड वाटलं तर पाइप उंच घ्या, सोपं वाटायला लागलं की खाली आणा. सोबत लोंबकळणं आणि पात्यांची हालचाल. हे आठ-दहा सहज होऊ लागले की निगेटिव्ह. पहिला पूर्ण पुल-अप उताण्या पकडीने मारा, तळवे आपल्याकडे, त्यात दंडाची मदत जास्त मिळते म्हणून तो आधी येतो. मग पालथी पकड.

दापोलीची बाई
रबरी बँड लावून मारतात ते चालेल का? चिपळूणला मिळतो म्हणे.

फिजिओ ताई
चालेल, पण त्याची खोड लक्षात घ्या. बँड सगळ्यात जास्त ताणलेला असतो तेव्हा तुम्ही तळाला असता, म्हणजे सगळ्यात जास्त मदत तळाला मिळते. वर मल्लखांबवाले सर ओरडून सांगतायत की कमजोरी तळालाच आहे. म्हणून नुसत्या बँडवर महिनोन्‌महिने काढलेली माणसं बँड काढला की जागची हलत नाहीत. त्यापेक्षा पुढ्यात स्टूल ठेवा, एका पायाची बोटं त्यावर टेकवा आणि जिथे अडतं तिथेच पायाने ढकला. मदत किती घ्यायची ते तुमच्या हातात राहतं. आणि प्रामाणिकपणावरही, ते आलंच.

खाडीपलीकडे
हाताच्या घामाचं कुणी बोललंच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नुसतं उभं राहिलं तरी घाम, आणि तो वाळतही नाही. मी टाल्कम पावडर लावतो तरी पाइप सटकतो.

मल्लखांबवाला
टाल्कमने सटकणारच. ती पावडर मुळात घर्षण कमी करण्यासाठी लावतात, म्हणून तर कॅरमवर तसली चालते. हाताला लागते ती मॅग्नेशियम कार्बोनेटची, खेळाच्या दुकानात जिमनॅस्टिकची चॉक म्हणून वडी मिळते. ती घाम शोषते. आमच्या खेळात राळेची पूडही वापरतात, पण पाइपवर तिचा चिकट थर बसतो, पुढच्याच्या शिव्या खाव्या लागतात. काहीच नसेल तर पंचाने पाइप पुसा. आपला हात सगळे पुसतात, पाइप कुणी पुसत नाही, आणि संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्याने तो आधीच ओलसर असतो.

पकडताना पाइप तळव्याच्या मधोमध घ्यायचा नाही. बोटं जिथे सुरू होतात तिथे घ्या. मधोमध घेतला की वजन आल्यावर कातडी खाली सरकते, घडी पडते, घट्टे येतात आणि एक दिवस सोलतात. घट्टे आंघोळीनंतर वजरीने घासून सपाट ठेवा. अंगठा पाइपला खालून वेढा. करंगळी सैल सोडू नका, तीच सैल सुटली की पकड जाते.

खाडीपलीकडे
वाडीत नवीन बार उभारायचाय. पाइप कुठला घेऊ?

चिरेखाण
माझा धंदाच बांधकामाचा, सांगतो. जीआय पाइप आतल्या मापाने विकतात, त्यामुळे दुकानात एक इंची म्हटलात तर बाहेरून ३३-३४ मिमी भरतो. मोठ्या हातांना ठीक. शाळकरी पोरांसाठी पाऊण इंची, बाहेरून २७ मिमीच्या आसपास, पण तो चार फुटांपेक्षा लांब घेतला तर मध्ये झोळ येतो. खांब दोन फूट तरी काँक्रीटमध्ये गाडा. जांभ्यात नुसता खड्डा खणून दगड ठोकून बसवलेला बार एका पावसाळ्यात हलायला लागतो. वेल्डिंग जिथे केलं तिथे जस्ताचा थर जळतो, समुद्राकाठी गंज तिथूनच धरतो. झिंक प्रायमर मारा. पकडायच्या भागाला मात्र ऑइलपेंट नको, ओला झाला की हात टिकत नाही.

हर्णैकर
अपडेट. जीव जाईपर्यंत मारणं बंद केलं. सर म्हणाले तसं प्रत्येक बीमला कोपर सरळ, पाती आधी. आकडा खाली आलाय, चारच होतात! पोरं हसतात.

निवृत्त फौजी
हसू दे. ते चार आधीच्या सातापेक्षा जड आहेत. आता आकडा असा वाढव. चार येतात ना, तर दोन-दोन किंवा तीन-तीन मार, मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, एकूण वीसच्या आसपास होऊ दे. प्रत्येक फेरीत एखाद-दुसरा शिल्लक ठेवून उतरायचं. आठवड्यात तीन दिवस, मधले दिवस धावणं. कमाल किती होतात ते दोन आठवड्यांतून एकदाच बघ. रोज परीक्षा दिली तर अभ्यास कधी करणार?

आणि भरतीच्या महिनाभर आधीपासून बीम धावल्यानंतर मार. रॅलीत आधी १.६ किमी, मग बीम. ताज्या अंगाने दहा मारणारे धावून आल्यावर सातवर उतरतात हे मी पाहिलंय. श्वास बसलेला नसतो. तळाला आत, वर जाताना बाहेर, एवढं ध्यानात ठेव.

चाकरमानी ठाणे
वजनाचं काय? त्याला कुणीतरी वजन कमी कर म्हणालंय.

फिजिओ ताई
५ फूट ७ ला ६४ म्हणजे उत्तम आहे. भरतीआधी पोरं उपाशी राहून दोन किलो उतरवतात आणि धावण्यात मार खातात. भात, मासे, डाळ, अंडी, वेळेवर झोप. जाड माणसाला वजनाचा फायदा होतो हे खरं, याला नाही.

हर्णैकर
पाऊस लागला की मैदानावर चिखल, पाइपला हात धरवत नाही. पडवीत काही करता येईल का? दाराच्या चौकटीत दाबून बसवायचा बार ऑनलाइन बघितला.

चिरेखाण
तो नको. जुन्या घरांत चौकट आणि चिरा यांच्यामध्ये मातीच असते, दाबाने चौकट सुटते. आतली तुळई बघ. सागाची किंवा ऐनाची असेल आणि ठोकल्यावर भरीव आवाज आला तर जाड दोर टाकून लाकडी कड्या लटकव. पोकळ आवाज आला, खाली भुसा पडलेला दिसला, तर भुंगा किंवा वाळवी लागलीय, हात लावू नको.

मल्लखांबवाला
कड्या असतील तर आणखी चांगलं. हात फिरू शकतो, पालथी सुरू करून वर बाजूला वळली तरी चालते, कोपराचं दुखणं कमी होतं. फक्त आठवड्यातून एक दिवस गोल पाइपवर मारत जा, कारण मैदानावर कड्या मिळायच्या नाहीत.

गजालीकार
तुळयेचा वासो मोडलो तर बीम ऱ्हवात बाजूक, आवस तुका घराभायर काढीत. आधी तिका इचार.

हर्णैकर
आई म्हणते आधी तुळईवरची जाळी काढ, मग लटक. दोर घ्यायला उद्या दापोलीला जातोय. किती जाड घेऊ?

चिरेखाण
नायलॉनचा, १२ मिमीच्या खाली नको. बोटींना वापरतात तोच हर्णै बंदरात मिळेल, दापोलीला कशाला जातोस?